कृष्णाकाठच्या सरपंचांना आणि ग्रामसभांना खुलं पत्र : जनसुनावणीला रिकाम्या हातानं जाऊ नका

सांगली आणि सातारा जिल्ह्यातले सगळे सरपंच, उपसरपंच, सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब, आणि ग्रामसभेला येणारे न येणारे सगळे मतदार,

सप्रेम नमस्कार.

अशी पत्रं एरवी मंत्र्यांना नाहीतर कलेक्टर साहेबांना लिहितात. मी तुम्हाला लिहितोय, कारण गेल्या पाच-सहा वर्षांत पर्यावरणाच्या कायद्यात दिल्लीत जे काय झालंय ते सगळं बघितलं तर वरचा धाक कमी कमी होत चाललाय, आणि कायदा स्वतःहून गावाला "तुमचं काय म्हणणं आहे" असं विचारतो अशी जागा मोजकीच उरलीय. ती जागा म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी द्यायच्या आधी होणारी जनसुनावणी. ती तुमच्या हातात आहे आणि आपण ती चहा-नाष्ट्यावर घालवतोय, हे मला सहन होत नाही म्हणून हे पत्र.

मी पलूस तालुक्यात महा ई सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, शेतकरी नोंदणी हे रोजचं काम. सरकारी पीडीएफ उघडून लोकांना समजावून सांगणं हाच धंदा असल्यामुळं हळूहळू राजपत्रं वाचायची सवय लागली, केंद्राच्या पर्यावरण खात्याचं 'परिवेश' पोर्टल बघायची सवय लागली, आणि मग कळत गेलं की आपल्या नदीबद्दल, आपल्या डोंगराबद्दल केवढं काय काय तिथं पडलेलं असतं आणि गावात कुणालाच त्याचा पत्ता नसतो.

आमच्या भागातल्या एका जनसुनावणीला मी गेलो होतो. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण हे एका कारखान्याचं नाही, कुठंही गेलात तर थोड्याफार फरकानं हेच दिसतं. डिस्टिलरी वाढवायचा प्रस्ताव होता. मांडव घातलेला, पुढच्या रांगांमधे कारखान्याचेच कामगार आणि ऊस वाहतूकदार, स्क्रीनवर इंग्रजी तक्ते, कन्सल्टंटनी भराभर स्लाइड पुढं सरकवल्या, मग दोन-चार जणांनी उठून "कारखान्यामुळं भागाचा विकास झाला, आमचा पाठिंबा आहे" असं सांगितलं. मागं बसलेले एक म्हातारे तात्या उठले आणि त्यांनी विचारलं की माझ्या विहिरीचं पाणी लाल येतंय त्याचं काय. त्यांना सांगितलं लेखी द्या. तात्यांकडं कागदही नव्हता आणि पेनही नव्हता. तिथं गावचे सरपंच होते, सदस्य होते, कुणी त्यांना कागद दिला नाही, आणि तात्या खाली बसले. विहिरीचा मुद्दा इतिवृत्तात आला का नाही हे बघायलाही पुढं कुणी गेलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं जनसुनावणी म्हणजे मतदान, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं ते सगळं आधीच ठरलेलं असतं, आपण जाऊन उपयोग काय. दोन्ही चूक.

२००६ची पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना आहे, सगळे ईआयए अधिसूचना म्हणतात. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ती काढलेली, आणि तो कायदा भोपाळच्या वायुकांडानंतर आलेला. या अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी पेपरात द्यावी लागते, त्यातला एक पेपर स्थानिक भाषेतला. प्रकल्पाचे काय परिणाम होतील त्या अहवालाचा मसुदा कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका अशा ठिकाणी लोकांना बघायला ठेवावा लागतो. सुनावणीच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा किमान अप्पर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी पाहिजे. सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग झालं पाहिजे. शेवटी इतिवृत्त तिथल्या तिथं लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवून त्याच दिवशी सही झाली पाहिजे. लोकांनी काढलेले मुद्दे आणि त्यावर कंपनीचं उत्तर असा तक्ता मराठीतही करावा लागतो, आणि तो ग्रामपंचायतीच्या ऑफिसात लावावा लागतो. तुमच्याच ऑफिसात, सरपंच साहेब. तुमच्या बोर्डावर असा तक्ता कधी लागलेला आठवतोय का ते मनाशी आठवून बघा.

आणि जे सुनावणीला येऊ शकत नाहीत त्यांनी लेखी पाठवलेलं म्हणणंही धरावं लागतं. गावची पोरं पुण्या-मुंबईला आहेत, त्यांनासुद्धा लिहिता येतं.

सुनावणीला कोरम नसतो. दहा माणसं आली तरी ती झाली असंच धरतात. आणि शंभर लोक "नको नको" म्हणाले म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर लोक चिडून जातात आणि पुन्हा येत नाहीत. मग उपयोग काय, तर नोंदवलेल्या प्रत्येक मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं, तो अहवाल तज्ज्ञ समितीपुढं जातो, आणि मंजुरी मिळाल्यावर तुम्हाला हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टात, जायचं झालं तर तिथं पहिला प्रश्न येतो की हा मुद्दा तुम्ही सुनावणीत काढला होता का. काढला असेल आणि त्याचं उत्तर दिलेलं नसेल तर तुमच्या बाजूला वजन येतं. नुसतं "आमचा विरोध आहे" याला वजन नाही. "अहवालात अमुक पानावर लिहिलंय की ओढा नाही, पण गट नंबर अमुकमधून ओढा वाहतो, हा गाव नकाशा" याला वजन आहे.

आता अहवालाचं. पूर्ण अहवाल शेकडो पानांचा असतो, आणि असतो इंग्रजीत. मराठीत मिळतो तो फक्त सारांश, आणि तो जास्तीत जास्त ए-फोर साइजच्या दहा पानांत बसवायचा असा नियम आहे. म्हणजे ज्याच्या विहिरीशेजारी टाकी येणार त्याला दहा पानं, आणि ज्यांना विहीर कुठं आहे हे माहीत नाही त्यांना सगळा अहवाल. माझं म्हणणं आहे की पूर्ण अहवाल मराठीत मिळालाच पाहिजे आणि हे आपण मागितलं पाहिजे, प्रत्येक ग्रामसभेनं ठराव करून मागितलं पाहिजे. हे काय जगावेगळं नाही. २०२०च्या मार्चमधे केंद्रानं ईआयएची नवी अधिसूचना आणायचा मसुदा काढला होता, ऐन लॉकडाऊनच्या तोंडावर, तोही इंग्रजी आणि हिंदीत. लोक कोर्टात गेले आणि दिल्ली हायकोर्टानं ३० जूनला आदेश दिला की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा, आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. म्हणजे ज्याच्या जगण्यावर परिणाम होतो त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे हे कोर्टाला पटलेलं आहे. त्या मसुद्यात सुनावणीच्या नोटिशीचे तीस दिवस कमी करून वीसवर आणायचं होतं. देशभरातून लाखो लोकांनी हरकती घेतल्या आणि तो मसुदा अंतिम झालाच नाही. हरकतींचा उपयोग होतो तो असा.

पण पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे. मसुदा बाजूला राहिला आणि त्यातल्या काही गोष्टी मग छोट्या छोट्या अधिसूचनांतून, ऑफिस मेमोरँडममधून, म्हणजे खात्याच्या कार्यालयीन आदेशांतून आल्या. २०२१ला इथेनॉलसाठी धान्यावर चालणाऱ्या, सांडपाणी बाहेर सोडणार नाही असं सांगणाऱ्या डिस्टिलऱ्यांना ठराविक मुदतीपुरतं 'बी-टू' वर्गात टाकलं. बी-टू म्हणजे जनसुनावणीच नाही. पेट्रोलमधे वीस टक्के इथेनॉल हे देशाचं धोरण आहे, ते मला समजतं, उसाला त्यातून दोन पैसे मिळाले तर आनंदच आहे, पण घाई देशाला आहे म्हणून गावाला विचारायचंच नाही हे कसं चालेल.

त्याच वर्षी आधी बांधा मग परवानगी घ्या, याची पद्धत ठरवून देणारं मेमोरँडम आलं. मे २०२५मधे सुप्रीम कोर्टानं 'वनशक्ती' या संस्थेच्या प्रकरणात ते रद्द केलं, स्पष्ट सांगितलं की पर्यावरण मंजुरी ही आधीच घ्यायची असते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकाल मागं घेतला आणि प्रकरण नव्यानं ऐकायचं ठरवलं, कारण मे महिन्याचा निकाल तसाच ठेवला तर उभे राहिलेले मोठे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील असं बहुमताचं म्हणणं पडलं. विरोधातल्या न्यायमूर्तींनी वेगळं निकालपत्र लिहिलं. मी वकील नाही, पण गावच्या माणसाला यातून एक गोष्ट कळते. एकदा कारखान्याची चिमणी उभी राहिली की ती पाडायला कुणी येत नाही. जे बोलायचं ते पाया खणायच्या आधी.

शिक्षेचंही तसंच. १९८६च्या कायद्यात नियम मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३च्या जनविश्वास कायद्यानं ती काढली, आता दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड, आणि तो ठरवणार सरकारनं नेमलेला अधिकारी. दंड भरलाच नाही तर तुरुंगाची तरतूद आहे, पण भरला की विषय संपला. २०२४ला पाणी प्रदूषणाच्या १९७४च्या कायद्यातही तशीच दुरुस्ती आली, पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळं ती आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, बाकी राज्यांनी विधानसभेत ठराव करून घ्यायची. कैद होती तेव्हा किती जण आत गेले असं कुणी विचारेल, बरोबर आहे, फारसे कुणी गेले नाहीत. पण तुरुंगाच्या भीतीनं मॅनेजर रात्रीचा व्हॉल्व्ह उघडताना दोनदा विचार करायचा. पंधरा लाख रुपये मोठ्या डिस्टिलरीला किती दिवसांची कमाई आहे ते तुम्हीच काढा.

कृष्णेबद्दल वेगळं काय सांगू, तुम्ही रोज बघताय. मार्च २०२३मधे सांगली-अंकली पट्ट्यात नदीकाठी मेलेल्या माशांचा खच पडला होता, पोती भरून लोकांनी मासे नेले, सगळ्या पेपरात आलं होतं. असं उन्हाळ्यातच का होतं हे नीट समजून घ्या, कारण सुनावणीत हाच मुद्दा मांडायचाय. उन्हाळ्यात आपली नदी कोयनेतून सोडलेल्या पाण्यावर चालते, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना तेच पाणी उचलतात, विसर्ग कमी झाला की बंधाऱ्यांच्या मागं नुसतं डबकं उरतं. त्या डबक्यात मळीमिश्रित पाणी आलं की संपलं. डिस्टिलरीत अल्कोहोल काढून उरतं त्या कच्च्या सांडपाण्याचा (स्पेंटवॉशचा) बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खातं त्याचं माप, लिटरमागं चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमपर्यंत जातं. आपल्या गटारीच्या पाण्याचं दोन-तीनशे असतं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची मर्यादा आहे तीस. आणि एक लिटर अल्कोहोल तयार करताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. म्हणून कारखाने 'झिरो लिक्विड डिस्चार्ज' म्हणतात, म्हणजे ते पाणी आटवून बॉयलरमधे जाळायचं किंवा कंपोस्टमधे मुरवायचं, बाहेर थेंब सोडायचा नाही. कागदावर व्यवस्था चांगली आहे. बॉयलर बंद पडला त्या दिवशी ते पाणी कुठं जातं हा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न सुनावणीत विचारायचा असतो.

सगळा दोष डिस्टिलरीवर टाकायचा नाही. सांगली शहराचं सांडपाणी वाहणारा शेरीनाला कित्येक वर्षं नदीत मिसळतोय, त्याचं पाणी धुळगावला न्यायची योजना झाली तरी नाल्याचा विषय सुटला नाही. आपल्या ग्रामपंचायतींचं सांडपाणी कुठं जातं? ओढ्यात. ओढा कुठं जातो? नदीत. कारखान्याला बोट दाखवताना आपल्या गटारीचा शेवट आपण बघितलेला असला पाहिजे, नाहीतर सुनावणीत समोरचा माणूस हेच तोंडावर मारतो.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट, आणि यावर सांगली-साताऱ्याइतकं हक्कानं दुसरं कुणी बोलू शकणार नाही. ईआयए अहवालासाठी प्रकल्पाच्या भोवतीच्या दहा किलोमीटरमधली हवा, पाणी, माती तपासतात. किती दिवस? बहुतेक प्रकल्पांना एक हंगाम, म्हणजे तीन महिने. आणि कुठला हंगाम? पावसाळा सोडून कुठलाही. अहो, आपल्याकडं जे व्हायचं ते पावसाळ्यातच होतं. २००५, २०१९, २०२१चे पूर आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९च्या ऑगस्टला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पुरात ब्रह्मनाळला उलटलेली बोट अजून कुणी विसरलेलं नाही. कारखान्याच्या साठवण टाक्या, लगून म्हणजे सांडपाण्याची तळी, कंपोस्टचं यार्ड, राखेचे ढीग यातलं काय काय त्या पाण्याखाली जातं किंवा जाईल, हे पावसाळा सोडून काढलेल्या तीन महिन्यांच्या तक्त्यात कसं दिसणार? पाटबंधारे खात्यानं निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे, निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्रकल्पाच्या नकाशावर या दोन्ही रेषा मारून दाखवा आणि २०१९चं पाणी आमच्या गावात इथपर्यंत आलं होतं ही खूणही दाखवा, एवढं मागायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पाणी कुठपर्यंत आलं होतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, देवळाच्या भिंतीवर खुणा आहेत. हा मुद्दा फोटोसकट लेखी द्या. कन्सल्टंटला त्याचं उत्तर द्यावंच लागेल.

सातारकरांनो, तुमच्याकडं विषय थोडा वेगळा आहे, डोंगराचा. पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाई, आणि आमचा शिराळाही त्यात येतो. पश्चिम घाटातलं पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्र ठरवायचं घोडं २०११च्या गाडगीळ समितीच्या अहवालापासून अडलंय. मग कस्तुरीरंगन समिती आली, तिचा अहवाल २०१३चा, आणि पहिला मसुदा मार्च २०१४ला निघाला. त्यानंतर २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि शेवटचा ३१ जुलै २०२४ला, वायनाडच्या दरडी कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. सहा मसुदे, आणि प्रत्येक वेळी हरकतींना साठ दिवस. प्रत्येक वेळी पाटण खोऱ्यात, कांदाटी खोऱ्यात एकच बोललं जातं, की घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, जमीन विकता येणार नाही. मसुद्यात असं नाहीये. नव्या खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा बंद, चालू खाणी पाच वर्षांत किंवा लीज संपेल तेव्हा बंद, नवे औष्णिक वीज प्रकल्प आणि लाल वर्गातले, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे, नवे उद्योग नाहीत, वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठी बांधकामं नाहीत, मोठ्या टाउनशिप नाहीत. आपल्यातल्या कुणाचं घर वीस हजार चौरस मीटर आहे? जमिनीच्या मालकीवर आणि राहत्या घराच्या दुरुस्तीवर बंदी नाही असं त्यातच लिहिलंय. तरी ग्रामसभा विरोधाचे ठराव करतात, आणि ते ठराव तयार टाइप करून कुठून तरी येतात, खाली फक्त गावाचं नाव घालायचं असतं. माझ्या केंद्रावर अशी प्रिंट काढायला माणूस आला होता, मी विचारलं मसुदा वाचलाय का, तर नाही.

विरोध करायचा असेल तर जरूर करा. वाचून करा. गाडगीळ समितीनं सांगितलं होतं की अहवाल स्थानिक भाषेत ग्रामसभांपुढं ठेवा आणि त्यांचं ऐकून मग क्षेत्र ठरवा, वरून लादू नका. ती गोष्ट झालीच नाही. उलट अहवालच सरकारनं दाबून ठेवला होता, २०१२ला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आल्यावर तो बाहेर आला. आणि इकडं क्षेत्र ठरायला दहा-बारा वर्षं लागतायत तोवर नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी सातारा, जावळी, पाटणच्या २३५ गावांवर नियोजन प्राधिकरण नेमून झालंसुद्धा. कास पठाराला २०१२पासून जागतिक वारशाचा मान आहे, कोयना आणि चांदोलीला आहे, त्याच पट्ट्यात रिसॉर्टसाठी डोंगर कापलेले रस्त्यावरून जाताना दिसतात. संवेदनशील क्षेत्राच्या नावानं भीती कुणाला वाटायला पाहिजे होती आणि प्रत्यक्षात कुणाला घातली गेली, याचा विचार करा.

वाळूचंही थोडक्यात सांगतो. येरळा, अग्रणी, माणगंगा यांचं काय झालं ते खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडीच्या लोकांना सांगायची गरज नाही. पण वाळूचे लिलाव ज्या जिल्हा सर्वेक्षण अहवालावर होतात, त्याचा मसुदा जिल्ह्याच्या वेबसाइटवर एकवीस दिवस लोकांच्या सूचनांसाठी ठेवावा लागतो, हे किती जणांना माहीत आहे? नदीत किती वाळू शिल्लक आहे हे नदीकाठच्या माणसाइतकं कुणाला कळतं?

मला माहीत आहे अडचण कुठं आहे. कारखान्याला आपला ऊस जातो. बोललं की तोड वेळेवर येत नाही, टोळी दुसऱ्याच्या फडात जाते, ऊसाला तुरे येतात आणि वजन घटतं. घरातलं एखादं पोरगं तिथं रोजंदारीवर असतं. कारखान्यानं गावाला कमान दिलेली असते, सभामंडपाला पत्रे दिलेले असतात. आणि कारखाने आपल्या आज्या-पणज्यांनी शेअर भरून उभे केलेत, त्यांनी या भागाला उभं केलं, हे नाकारणारा मी कोण. कारखाना बंद करा असं या पत्रात कुठंच लिहिलेलं नाही. पण सभासद म्हणून ताळेबंदावर प्रश्न विचारता येतो तर नदीबद्दल का विचारता येत नाही? एकट्या शेतकऱ्यानं उठून बोलायचं म्हटलं की त्याची तोड अडते, हे खरं आहे. म्हणूनच ते ग्रामपंचायतीनं बोलायचं असतं. ग्रामसभेचा ठराव असला की तो कुणा एकाचा राहत नाही. तात्यांच्या विहिरीचा प्रश्न तात्यांनी का मांडावा, सरपंचांनी पंचायतीच्या लेटरहेडवर मांडला पाहिजे.

महिला सरपंचांना वेगळं सांगतो. ताई, ना हरकत दाखल्यावर सही तुमची असते. उद्या काय झालं तर कागदावर नाव तुमचं. मीटिंगला मालकांना किंवा दिरांना पाठवू नका, स्वतः बसा आणि सही करायच्या आधी पूर्ण वाचून घ्या. पाणी भरणारी, जनावरांना पाणी दाखवणारी तुम्ही आहात, पाण्याचा रंग कधी बदलला हे तुम्हाला सगळ्यात आधी कळतं.

तर करायचं काय. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतातच, त्यातल्या येत्या सभेत एक विषय घ्या, गावाच्या दहा किलोमीटरच्या आत कुठले प्रकल्प मंजुरी घेऊन चालू आहेत आणि कुठले प्रस्तावित आहेत. परिवेश पोर्टलवर सगळं सापडतं. ज्याला मंजुरी आहे त्या प्रत्येक प्रकल्पानं दर सहा महिन्याला, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक असतो. तो मागा. नाही दिला तर माहिती अधिकारात मागा, दहा रुपयाचं काम आहे. त्यातल्या अटी वाचा, झाडं इतकी लावू, ऑनलाइन मीटर बसवू, रस्त्यावर पाणी मारू, आणि जाऊन बघा. सुनावणीची नोटीस आली की तीस दिवसांत पहिल्या आठवड्यात अहवाल मिळवा, गावात कॉलेजला जाणारी पोरं आहेत, कृषी पदवीधर आहेत, त्यांच्यात पानं वाटून द्या. पाच-सहा मुद्दे काढा, आकड्यासकट, गट नंबरसकट, फोटोसकट, आणि विशेष ग्रामसभेत ठराव करून सुनावणीत पोच घेऊन द्या. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय मांडवातून उठू नका. नंतर मंजुरी मिळाली तर कंपनीला सात दिवसांत पेपरात जाहिरात द्यावी लागते, त्याकडं लक्ष ठेवा, कारण हरित न्यायाधिकरणात अपील करायला तीस दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी साठ, त्यानंतर दार बंद. न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यातच आहे. नुकसान भरपाई मागायची नसेल तर फी एक हजार रुपये, आणि वकिलाशिवाय स्वतःलाही उभं राहता येतं.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. २०१३ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं ग्रामसभांना विचारा, आणि बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या. खाण झाली नाही. तिथं वनहक्क कायद्याचा आधार होता, आपल्या कारखान्याच्या सुनावणीला तो लागू होत नाही, हे मला माहीत आहे. पण ती बारा गावं तुमच्या-माझ्या गावापेक्षा गरीब होती, शिकलेली माणसं कमी होती, आणि एकही गाव फुटलं नाही.

नोटीस आली आणि अहवाल कुठं मिळतो ते कळलं नाही तर कुठल्याही गावच्या पंचायतीनं माझ्या केंद्रावर या. डाउनलोड करून देतो, प्रिंट काढून देतो, इंग्रजीतल्या महत्त्वाच्या भागाचं मराठी करायला बसतो, त्याचे पैसे घेणार नाही. येताना गावाचा नकाशा आणि २०१९च्या पुराचे फोटो तेवढे घेऊन या.

आपला,
एक ई सेवा केंद्र चालक
ता. पलूस, जि. सांगली